भोगीची भाजी वर्षातून एकदाच कशाला?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते झाले, प्रोसिडिंग लिहून झालं. उठायच्या आधी मी सहज विचारलं, "काल रात्री तुमच्या ताटात काय होतं? घरच्यांच्या नाही, तुमच्या स्वतःच्या ताटात." आधी सगळ्या हसल्या. मग एकेक जण सांगायला लागली. भाकरी आणि ठेचा. भात आणि लोणचं. भाकरी आणि वरणाचं वरचं पाणी, कारण डाळ आधीच संपली होती. बारा जणींपैकी भाजी खाल्लेल्या तिघीच निघाल्या.

त्यातल्या एका काकूंचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांच्या रानात मेथी आहे. त्याच सकाळी त्या दोन पाट्या मेथी बाजारात देऊन आल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, तुमच्या घरी तर रोज भाजी असेल." त्या म्हणाल्या, "असती की. काल पण केली होती. लेकरं जेवली, मालक जेवले, भाजी सरली. मी चटणीसंगं खाल्लं." त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगू? क्षणभर मलाही वाटलं नाही. कारण माझी आई पण अशीच जेवते.

नंतर उपकेंद्रात तपासणी झाली, तेव्हा त्याच काकूंचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. (हे त्यांना विचारूनच लिहिते आहे.) म्हणजे मेथी पिकवणारी, खुडणारी, जुड्या बांधणारी, शिजवणारी बाई, आणि तिच्याच अंगात रक्त नाही.

मी पण यातून सुटलेली नाही. समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझं ९.२ निघालं होतं. तेव्हा मी वस्तीत जाऊन आहारावर बोलायचे आणि हॉस्टेलवर चहा-बिस्किटावर दिवस काढायचे. म्हणून हा लेख कुणाला शिकवायला लिहिलेला नाही. आपण सगळ्या एकाच नावेत आहोत.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांना रक्तक्षय आहे. आपल्या दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी धरा. चढण चढताना धाप लागणं, सारखी डोकेदुखी, दुपारनंतर हातपाय गळून जाणं, याला आपण "कामाचा शीण" म्हणतो. कितीदा तरी तो शीण नसतो, रक्त कमी असतं.

आपल्याला हे आधीपासून येतं

आहारावर बोलायला लागलं की बायांना वाटतं, आता ही पोरगी महागातलं काहीतरी सांगणार. बदाम खा, सफरचंद खा. तसं काही नाही.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातली. आमच्याकडे संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी आई वांगी, गाजर, घेवडा, वालपापडी, ओला हरभरा, ओले शेंगदाणे, बोरं असं सगळं एकत्र करून तिळाचा कूट घालून भाजी करते. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. इकडे लातूर-धाराशिव भागात कामाला आले तेव्हा पहिल्याच वर्षी एका ताईंनी येळवसला रानात जेवायला बोलावलं. कडब्याची कोप, पूजा, आणि मग केळीच्या पानावर भज्जी, उंडे, आंबील, खीर. त्या भज्जीत हरभऱ्याचे, तुरीचे, वाटाण्याचे ओले दाणे, पालेभाज्या, गाजर, चिंच, बेसन. इतकं चांगलं जेवण मी बऱ्याच दिवसांत जेवले नव्हते.

ऋषिपंचमीची भाजी पण तशीच. अळू, माठ, भोपळा, पडवळ, दोडका, मक्याचं कणीस, जे त्या वेळी परसात असेल ते सगळं एका भांड्यात.

तीन सण, आणि तिन्हींची रीत एकच: त्या वेळी रानात जे जे आलंय, त्यातलं थोडं थोडं सगळं खायचं. आणि त्या दिवशी भाजी एवढी होते की शेवटी बसणाऱ्या बाईलाही पोटभर मिळते. माझं म्हणणं एवढंच आहे. हे वर्षातून तीनदाच कशाला? आठवड्यातून तीनदा का नको?

किती खायचं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ताटाचा हिशोब दिलाय. मोठ्या माणसाने दिवसाला भाज्या आणि फळं मिळून साधारण अर्धा किलो खावीत, त्यात पालेभाजी १०० ग्रॅमच्या आसपास असावी. जेवणाच्या ताटाचा अर्धा भाग भाज्या-फळांचा आणि उरलेल्या अर्ध्यात भाकरी, भात, डाळ, दूध-दही वगैरे.

आपलं ताट बघा. दोन भाकरी आणि कोपऱ्यात चमचाभर भाजी. एकदम अर्धं ताट भाजीचं होणार नाही, मला माहीत आहे. म्हणून सुरुवात अशी करा: जेवढी भाजी आज करता, त्यात घरातल्या प्रत्येक माणसामागे एक मूठ वाढवा. पाच माणसं असतील तर पाच मुठी जास्त. पालेभाजी शिजल्यावर आळते, त्यामुळे कढईत घालताना ढीग दिसला तरी घाबरू नका.

रंगावरून ओळखा

जीवनसत्त्वांची नावं पाठ करायची गरज नाही. ताटाकडे बघा आणि रंग मोजा.

हिरवा: मेथी, पालक, शेपू, चवळीचा पाला, तांदूळजा, शेवग्याचा पाला. यात लोह असतं आणि रक्त तयार व्हायला लागणारं फोलिक ॲसिड असतं.

केशरी-पिवळा: गाजर, लाल भोपळा, पिकलेली पपई, आंबा. यातून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. डोळ्यांसाठी ते लागतं. लहान लेकराला संधिप्रकाशात नीट दिसत नसेल तर ते या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं असू शकतं. डॉक्टरांना दाखवा.

लाल-जांभळा: टोमॅटो, बीट, लाल माठ, वांगं. टोमॅटोत क जीवनसत्त्व असतं, लाल माठात लोह.

पांढरा: मुळा, कोबी, फ्लॉवर, कांदा, लसूण. कोबी-फ्लॉवर-मुळ्यातही क जीवनसत्त्व असतं, पण फार शिजवलं की ते कमी होतं.

इथे एक गैरसमज काढून टाकू. "बीट लाल, म्हणून बीट खाल्लं की रक्त वाढतं" असं सगळीकडे सांगतात. बीट खायला चांगलंच आहे, पण त्यात लोह फार नसतं. बीटापेक्षा शेवग्याच्या पाल्यात कितीतरी जास्त लोह आहे, आणि तो पाला आपण शेळीला टाकतो! मुळ्याचा पाला, बीटाचा पाला, फ्लॉवरची कोवळी पानं पण तशीच फेकली जातात. ती स्वच्छ धुऊन बारीक चिरून डाळीत घाला. पैसे एकदाच दिले, भाज्या दोन मिळाल्या.

शिजवताना एवढं सांभाळा

१. भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की बरंच काही पाण्याबरोबर जातं.

२. झाकण ठेवून, कमी पाण्यात, लागेल तेवढाच वेळ शिजवा. उकडलेलं पाणी ओतू नका, त्याच पाण्यात पीठ मळा किंवा ते वरणात घाला.

३. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा घालू नका. रंग राहतो, पण जीवनसत्त्व जातं.

४. जेवताना लिंबू पिळा. पालेभाजी आणि डाळीतलं लोह अंगाला लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. लिंबू नसेल तर टोमॅटो, आवळा किंवा पेरूची फोड. लिंबू भांडं खाली उतरवल्यावरच पिळा.

५. जेवणाबरोबर चहा नको. चहामुळे लोह अंगाला लागत नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास सोडा. हा नियम आपल्या बायांना सगळ्यात अवघड जातो, पण यात खर्च काहीच नाही.

६. गाजर, भोपळा, पालेभाजीला थोडं तेल किंवा कूट हवंच, म्हणजे अ जीवनसत्त्व अंगाला लागतं. थोडं म्हणजे थोडंच, वर तवंग यायला नको.

७. लोखंडी कढई, तवा वापरात ठेवा. त्यातलं लोह थोडं थोडं जेवणात उतरतं. फक्त शिजलेली भाजी, खास करून आंबट भाजी, त्यात ठेवून देऊ नका. लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

चार रंगीत प्रकार (पाच माणसांसाठी)

*आठवड्याची भज्जी.* ओला हरभरा, तूर, वाटाणा यांतले जे मिळतील ते दाणे दीड वाटी. ओले नसतील तर रात्री भिजवलेले हरभरे किंवा मटकी घ्या. चिरलेली मेथी आणि पालक मिळून चार वाट्या, एक मोठं गाजर, एक वांगं. आधी दाणे शिजवा. मग गाजर-वांगं घाला, ते मऊ होत आलं की पालेभाजी घाला. तीन चमचे बेसन पाण्यात कालवून त्यात चिंचेचा थोडा कोळ टाका आणि ते भाजीत सोडून हलवत राहा, गुठळी होऊ देऊ नका. मीठ, हळद घाला. वरून भरपूर लसूण आणि हिरव्या मिरचीची फोडणी. येळवसची चव येते, आणि बेसन-दाण्यांमुळे पोटभरीची होते. त्या दिवशी वेगळी डाळ करायची गरज नाही.

*भोपळ्याची भाजी.* लाल भोपळा अर्धा किलो, कोवळा असेल तर सालासकट फोडी. तेलात मोहरी, जिरे, चार मेथीदाणे, लसूण. फोडी परता, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा. तिखट, मीठ, गुळाचा लहान खडा, दोन चमचे शेंगदाण्याचा कूट, कोथिंबीर. पंधरा मिनिटांत होते. अख्खा पिकलेला भोपळा सावलीत, हवेशीर जागी कित्येक आठवडे टिकतो, म्हणून उन्हाळ्यात भाजी महाग झाली की हाच आधार.

*शेवग्याच्या पाल्याची भाजी.* कोवळा पाला डहाळ्यांवरून ओरबाडून घ्या, धुऊन चार वाट्या. अर्धी वाटी मूगडाळ तासभर भिजवून. तेलात लसूण, कांदा, मिरची परतून डाळ घाला, थोडं पाणी शिंपडून अर्धवट शिजवा, मग पाला. झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं. उतरवल्यावर लिंबू. काही जणींना पहिल्यांदा पाला कडसर लागतो. त्यांनी अर्धा शेवगा, अर्धी मेथी किंवा चवळी घेऊन सुरुवात करावी.

*लेकरांसाठी रंगीत धपाटे.* ज्वारीचं पीठ दोन वाट्या, कणीक अर्धी वाटी, बेसन अर्धी वाटी. त्यात एक किसलेलं गाजर, वाटीभर बारीक मेथी, तीळ, ओवा, हळद, लसूण-मिरचीचा ठेचा, मीठ. ताकात मळा. ओल्या कापडावर थापून तव्यावर टाका, मध्ये भोक पाडून तेल सोडा, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजा. एका ताईंची मुलगी भाजी दिसली की ताट सरकवायची. ती आता हे डब्यात मागून नेते. आई सांगते, "भाजी खाते, हे तिला सांगूच नका."

या सगळ्यांबरोबर रोज एक कच्ची कोशिंबीर जमली तर उत्तम. मुळा, गाजर, बीट, काकडी, कोबी यांतलं एक-दोन किसून, कूट, मीठ, लिंबू. चूल पेटवायची सुद्धा गरज नाही.

कोणत्या महिन्यात काय?

आता थंडी सुरू होतेय, म्हणजे भाज्यांची चंगळ. मेथी, पालक, गाजर, मुळा, वाटाणा, ओला हरभरा, बोरं, पेरू, आवळा, सगळं स्वस्त आणि ताजं. हाच काळ आहे सवय लावायचा. दहा रुपयांचा कुरकुरीत पुडा लेकराच्या हातात देण्याआधी बघा, त्याच पैशात बाजारातून काय येतं.

उन्हाळ्यात लाल भोपळा, शेवगा, गवार, कैरी, कांदा, मोड आलेली मटकी. थंडीत मेथी जास्त आली तर सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवा.

पावसाळ्यात रानभाज्या: तांदूळजा, घोळ, कुर्डू, पाथरी, तरोटा. म्हाताऱ्या आजीला सोबत घेऊन जा, ओळख पक्की असेल तीच भाजी खुडा. आणि ज्या रानात तणनाशक किंवा औषध फवारलंय, तिथली आणि त्याच्या बांधावरची भाजी अजिबात आणू नका.

दाराशी चार वाफे

ज्यांच्याकडे रान नाही, त्यांनी पण परसबाग करावी. चार लहान वाफे पुरतात. एकात मेथी, एकात पालक, एकात मुळा-कोथिंबीर, एकात टोमॅटो-मिरची-वांगं. कोपऱ्यात एक शेवगा आणि कुंपणावर वालाचा वेल. मेथी पेरल्यापासून महिनाभरात खुडायला येते. सगळं एकदम पेरू नका. दहा-पंधरा दिवसांच्या अंतरानं थोडं थोडं पेरलं की घरात सतत भाजी राहते. पाणी कमी असेल तर भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी वाफ्यात सोडा.

बियाणं शक्यतो गावरान ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी घरचंच बी वापरता येतं. आमच्या जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, पण गावरान बियाणं इतकं जपलं की लोक त्यांना बीजमाता म्हणतात, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याला पद्मश्री नको, पण गटाच्या बैठकीत बचतीबरोबर चिमूटभर बी आणून एकमेकींना द्यायला काय हरकत आहे?

झाकून ठेवायची वाटी

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. वर सांगितलेलं सगळं केलं, घरात पाच रंगांची भाजी झाली, आणि बाई जेवायला बसेपर्यंत कढई रिकामी झाली, तर काय उपयोग?

म्हणून एक साधी रीत सुरू करा. भाजी झाली की कुणालाही वाढायच्या आधी एक वाटी भाजी काढून झाकून ठेवायची. ती वाटी स्वयंपाक करणाऱ्या बाईची. घरात सासू असेल, सून असेल, वयात आलेली मुलगी असेल, तर त्यांच्या पण वाट्या आधी काढा. जमेल तिथे सगळ्यांनी एकत्र जेवायला बसावं, हे तर आणखी चांगलं.

बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "आधी स्वतःचं काढायचं म्हणजे हावरटपणा दिसतो गं." मी त्यांना विचारलं, "मावशी, दर महिन्याला घरखर्चाआधी बचतीचे शंभर रुपये बाजूला काढता, तो हावरटपणा असतो का?" त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "नाय. ते नाय काढलं तर उरतच नाय." मग भाजीचं पण तसंच आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. जेवण सुधारलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, गरोदर बाईचं ११ च्या वर. ते कमी असेल तर आशाताईंकडून किंवा उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या घ्या, सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या, आणि चहाबरोबर घेऊ नका. शौचाला काळी होते म्हणून घाबरून गोळी बंद करू नका, गोळ्यांमुळे तसं होतं. आठ-नऊच्या खाली असेल, फार धाप लागत असेल किंवा पाळीत जास्त रक्त जात असेल, तर डॉक्टरांना दाखवाच.

पुढच्या बैठकीसाठी

१. प्रत्येकीनं आदल्या रात्रीच्या स्वतःच्या ताटातले रंग मोजून सांगायचे. तीन रंग झाले तर छान.

२. झाकलेली वाटी किती दिवस ठेवली, ते खरं खरं सांगायचं. नाही जमलं तरी सांगायचं, कोणी रागवणार नाही.

३. गटातल्या ज्यांनी या वर्षी हिमोग्लोबिन तपासलं नाही, त्यांची यादी करून आशाताईंकडे एकत्र जायचं. एकटीनं जायला कंटाळा येतो, दहा जणी मिळून गेलं की होऊन जातं.

त्या मेथीवाल्या काकू आता गोळ्या घेतायत. परवा बाजारात भेटल्या. पाटी उतरवता उतरवता म्हणाल्या, "पाच जुड्या घरी ठिवून आले आज. आन् माझी वाटी झाकून आले." दुसऱ्यांदा रक्त तपासायचं आहे. आकडा किती वाढतो ते कळेलच. पण त्या दिवशी त्या घरी जाऊन भाजीभाकरी जेवल्या असतील, याचा मला फार आनंद झाला.